घरात कॉम्प्युटर आहे का?

"फाइलवाली बाई गल्लीत शिरली! उचला लवकर!" शेजारच्या काकू धापा टाकत आत आल्या.

आईनं शिलाई मशीनवरचा पाय काढला. दोघींनी मिळून लेकीचा कॉम्प्युटर सुटा केला. स्क्रीन कपाटात गेला, खोकं पलंगाखाली आणि वायरी शिवायला आलेल्या कपड्यांच्या ढिगात. रिकाम्या टेबलावर आईनं पिठाचा डबा ठेवला.

गेल्या महिन्यात मागच्या गल्लीत असंच झालं होतं. कुठल्याशा श्रीमंत देशातल्या संस्थेचा माणूस आला, घरोघर विचारून गेला आणि ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता त्यांना कोरे करकरीत मिळाले. एका घरानं भोळेपणानं 'आहे' म्हणून सांगितलं, ते बसले हात चोळत. तेव्हापासून वस्ती शहाणी झाली होती. कागद घेऊन कुणी आलं, की घरात काही नाही.

आईला हाव नव्हती. लेकीला परदेशातल्या एका कंपनीचं, घरी बसून करायचं काम मिळायच्या बेतात होतं. तीन मुलाखती स्क्रीनवरूनच झाल्या होत्या, आता फक्त होकार यायचा होता. पण तिचा जुना कॉम्प्युटर तासातासाला मान टाकायचा. ऐन कामात बंद पडला तर? या धास्तीनं आईची झोप उडाली होती. आत्ताही पोरगी त्याचाच पंखा आणायला बाजारात गेली होती.

फाइलवाल्या बाई हसतमुखानं आत आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, फाइल उघडली.

"घरात कॉम्प्युटर आहे का?"

"कुठला हो! आमची कुठली एवढी ऐपत?"

"पण माझ्या कागदावर तर आहे असं लिहिलंय."

कुणीतरी मेल्यानं कान भरले असणार. आईनं काकूंकडे पाहिलं. काकू तयारच होत्या.

"मी भिंतीला भिंत लावून राहते. ही दिवसभर पायानं मशीन मारते बिचारी. कॉम्प्युटर कसला घेऊन बसलात?"

"मग असं कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

"आमची लेकच, दुसरं कोण!" आई हसून म्हणाली. "चारचौघांत मिरवायची हौस आहे तिला. ढीगभर थापा मारते. तिचं काही मनावर घेऊ नका."

"नक्की ना? एकदा विचार करून सांगा."

"पोरीची शपथ."

बाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग दोन ओळी लिहून आईची सही घेतली.

"खरं बोललात, बरं झालं," असं म्हणून त्या गेल्या.

"काम फत्ते!" काकूंनी टाळी दिली. आईला किती दिवसांनी मोकळं वाटलं.

तेवढ्यात लेक धावतच घरात आली. तिनं पिशवी खाली टाकली आणि आईच्या गळ्यातच पडली.

"आई, कंपनीचा फोन आला! मला घेतलं!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता एकच राहिलंय. तिकडे माणसागणिक कॉम्प्युटर असतो गं, पण आपल्यासारख्यांच्या घरात एकसुद्धा असेल, हे काही त्यांना पटत नाही. म्हणून आज त्यांच्या एक बाई येणार आहेत, घरात कॉम्प्युटर आहे का, एवढंच विचारायला."