घाई करायची नाही

"नवशिक्याला सगळ्यात सोपं सॉफ्टवेअर कोणतं?" नूतनने विचारलं आणि भूषण प्लास्टिकच्या खुर्चीत सरसावून बसला.

दोंडाईच्यातल्या घराची ती गच्ची. खाली बैठकीत दोन्हीकडची माणसं शेव-चिवडा खात होती आणि 'पोरांना जरा बोलू द्या' म्हणून या दोघांना वर पाठवलेलं होतं. भूषण पिंप्राळ्याचा. जळगावात पाईपच्या एका कंपनीत हिशेबाचं काम करायचा. पण मुलगी पाहायला जाईल तिथे त्याची आई पुष्पाबाई नोकरीच्या आधी दुसरंच सांगायची, "मना भूषण कॉम्प्युटरना गेम बनाडस." आजही तिचं सांगून झालं होतं.

नूतनने ते मनावर घेतलेलं दिसलं. ती गावातल्याच एका शाळेत शिकवत होती. सुटीच्या शिबिरात पाचवी-सहावीच्या मुलांकडून छोटे छोटे गेम बनवून घेईन, असं तिनं शाळेला सांगून टाकलं होतं. तिला स्वतःला त्यातलं काही येत नव्हतं आणि शिबिर सोमवारी सुरू व्हायचं होतं. आजवर पाहिलेल्या मुलींनी भूषणला पगार विचारला होता, घर स्वतःचं आहे का विचारलं होतं. हिनं हे विचारलं. ती त्याला तिथेच आवडली.

"असं एकदम सांगता येत नाही," तो म्हणाला. "एक स्क्रॅच आहे. रंगीत ठोकळे एकाला एक जोडायचे, की पडद्यावरचं मांजर चालायला लागतं."

"मग मुलांना तेच बरं."

"बरं आहे, पण पोरकट वाटतं. मुलं उद्या मोठी होणार, मग ती सवय मोडायला त्रास. गोडो घेतलं तर ते दमदार, पण त्यात कोड लिहावा लागतो. कोड नको म्हणाल, तर तसलंही आहे, पण ते इंटरनेटवर चालतं. नेट गेलं की बसा हातावर हात ठेवून. बिननेटचं म्हणाल, तर त्याची माहिती सगळी इंग्रजीत."

तो बोलत राहिला. ऊन कठड्यावरून उतरून त्याच्या पायांपर्यंत आलं. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. चार वर्षं तो दुसरं काही करतच नव्हता. 'चला गेम बनवू' नावाचा त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्याचंही तो सांगत सुटला. जळगाव-धुळ्याची कॉलेजची पोरं, मास्तर, दुकानदार, सगळे त्यात होते. कुणी विचारलं, की भाऊ, अमुक सॉफ्टवेअर घेऊ का, तर भूषण त्यातली खोट दाखवायचा आणि शेवटी लिहायचा: घाई करायची नाही.

"एवढ्या माणसांपैकी कुणी गेम बनवला का मग?" नूतनने विचारलं.

"एकानं बनवला. धुळ्याचा झुलाल म्हणून होता. वरून केळीचे घड पडतात, ते टोपलीत झेलायचे. विचारलं नाही, काही नाही, हाताला लागलं त्या सॉफ्टवेअरमध्ये बनवून मोकळा. आणि ग्रुपवरची माणसं दिवसभर ते घड झेलत बसली."

"चांगला होता?"

"मी नाही खेळलो. निवडच चुकलेली, त्यात खेळून काय बघायचं? त्याला काढला ग्रुपमधून. नाहीतर बाकीचेही बिघडले असते."

नूतन हसली. आपल्याला दाद मिळाली असं भूषणला वाटलं.

"आणि तुमचा गेम?"

"डोक्यात चार वर्षांपासून तयार आहे. एकदा सॉफ्टवेअर ठरलं, की पुढचं काम काहीच नाही."

"माझी मुलं सोमवारी येऊन बसतील," ती म्हणाली. "एक नाव सांगा. चुकलं तरी चालेल."

भूषणनं बराच विचार केला. मग काळजीनं विचारलं, "शिबिर पुढं ढकलता येईल का?"

तेवढ्यात खालून हाक आली.

बैठकीत चहा आला होता. कपांतून वाफा निघत होत्या. नूतनचे वडील चुडामण नाना साधा, सरळ माणूस. त्यांनी भूषणला शेजारी बसवून घेतलं. "भाऊ, तुले पोरगी पसंत शे का? आत्तेच सांगानं असं काही नही. घर जाय, सावकाश ईचार कर, मंग फोन कर. आमले घाई नही."

"त्यात विचार काय करायचा, नाना?" भूषण म्हणाला. "मला पसंत आहे."

पुष्पाबाईचा चेहरा उजळला. तिनं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून मांडीवर घेतला आणि दोरा सोडायला सुरुवात केली. आपण बोललो तेव्हा ती कशी कान देऊन ऐकत होती, हे भूषणला पुन्हा आठवलं. लग्नानंतर ग्रुपचं काम दोघांनी मिळून पाहावं, इथपर्यंत त्याचं मन जाऊन आलं.

नानांनी मुलीकडे पाहिलं. "आणि तुले?"

"नाही," नूतन म्हणाली.

दोरा सोडणारा हात थांबला. नूतनची आई आतल्या दारातून बाहेर आली. भूषणला आधी वाटलं, तिला प्रश्न नीट कळला नसेल. मग त्यानं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काबर वं माय?" नानांनी हळूच विचारलं. "काय खोट दिखनी तुले?"

"मी खोट काढत नाही, नाना." ती भूषणकडे वळली. आवाजात राग नव्हता. "सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नाही जमलं तर पुसून दुसरं घेता येतं. त्याच्यासाठी तुम्ही चार वर्षं विचार करताय. आणि माझ्यासाठी चहा निवेपर्यंतसुद्धा थांबला नाहीत."