आठ अकरांश

अविश्वास ठरावाच्या बाजूनं आठ हात वर झाले. ग्रामपंचायतीचे सदस्य एकूण अकरा. नदीतला वाळूउपसा बंद पाडणाऱ्या सरपंच मंदा घोलप टेबलाखाली पदर पिळत बसल्या होत्या.

“सव्वाआठ मतं लागतात,” उपसरपंच तुळशीराम तहसीलदारांना म्हणाले. “पाव माणूस कुठून आणायचा, साहेब? आठ धरा.”

कुणीतरी हसलं. तहसीलदारांनी पेनाचं टोपण काढलं.

“थांबा, साहेब. नियमात तीन चतुर्थांश आहे, म्हणजे पंचाहत्तर टक्के.” मंदाताई उठून उभ्या राहिल्या. “अकरातला एक म्हणजे नऊ पॉइंट शून्य नऊ टक्के. आता नऊ आठे बहात्तर. पॉइंटच्या अलीकडं बहात्तर, पलीकडंही बहात्तर. पंचाहत्तर भरत नाहीत.”

तहसीलदारांनी मोबाइलवर भागाकार केला. मग पुन्हा एकदा केला.

“ठराव फेटाळला,” ते म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. बाहेर पडताना तुळशीराम मंदाताईंच्या टेबलाशी थांबले.

“हे तोंडी गणित कुठं शिकलात?”

“आपल्या गावच्या शाळेत, सातवीला,” मंदाताई म्हणाल्या. “तुम्ही माझ्याच मागच्या बाकावर होता.”