अकरा अंड्यांची पैज

"एक जरी पिल्लू निघालं, तर मी इथून हलणार नाही," बाई म्हणाल्या. "आणि एकही नाही निघालं, तर बॅग भरते. मग तू नेशील तिथे."

मुलगा हसला. "आई, असल्या गोष्टी कोंबडीवर सोपवतात का?"

"शब्द दे."

मुलाने दिला. सुनेनेही मान डोलावली.

गेली सहा वर्षं, वडील गेल्यापासून, मुलगा दर सुट्टीत यायचा आणि निघताना एकदा म्हणायचा, "चल ना आई आमच्याकडे." बाईंचं उत्तर सगळ्या गल्लीला पाठ होतं. मी या घरातून जाईन ती चौघांच्या खांद्यावरून. तीस वर्षं वर्गावर काढलेली बाई, एकदा बोलली की बोलली.

परसात त्यांच्या सात कोंबड्या होत्या. जुन्या जातीच्या, काळ्या पायांच्या, आता शोधूनही न मिळणाऱ्या. पोल्ट्रीतली कोंबडी अंडं घालते आणि विसरून जाते. ही जात मात्र खुडूक बसली की तीन आठवडे जागची उठत नाही. यंदा तांबडी बसली होती. खुर्ची सोडत नाही म्हणून बाईंनी तिचं नाव मुख्याध्यापिका ठेवलं होतं.

मुलगा परत गेला त्याच दुपारी बाईंनी टोपलीतून अकरा अंडी आणली आणि एकेक करून तिच्या पोटाखाली सारली. अंडी अजून कोमट होती.

"आठवड्याने बॅटरीच्या उजेडात धरून बघा," शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला. "आत जीव धरलाय की नाही ते कळतं."

"काही बघायचं नाही. एकवीस दिवस म्हणजे एकवीस दिवस."

मग गल्लीने बघत राहावं अशी सेवा सुरू झाली. सकाळी भिजवलेला मका, दुपारी बारीक चिरलेला पाला, बाकीच्या सहा जणींना शिंपल्यांचा चुरा. मुख्याध्यापिका दिवसातून एकदाच उठायची, तेव्हा दाणे आणि पाणी तिच्या चोचीसमोर हजर. गुडघा कुरकुरत होता, तरी बाई पाच-पाच खेपा घालत होत्या. या खेपेला सगळं त्यांच्या मनासारखं व्हायला हवं होतं. इतकं मनापासून त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी शिंप्याला उन्हात उघडी बॅग दिसली.

"हे काय बाई? आत्ताच हात टेकले?"

"बुरशी धरते हो. तुम्ही तुमची काजं करा."

एरवी फक्त रविवारी फोन करणारा मुलगा आता रोज करायला लागला. "कितवा दिवस? कोंबडी बसलीय ना नीट?" त्याच्या त्या चौकशीने बाईंचा जीव सुखावत होता. पोराला आपली ओढ आहे, हे त्यांना कळत होतं.

विसाव्या दिवशी संध्याकाळी दोघं आली. मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता. बाई तो घ्यायला पुढे झाल्या.

"राहू दे आई, मी घेतो."

सकाळी बाई परसात आल्या तेव्हा तो खुराड्यापाशी उभा होता.

"आई! लवकर ये! अगं, निघालं!"

मुख्याध्यापिकेच्या पंखाखालून एक पिल्लू डोकं काढून चिवचिवत होतं. पिवळंधमक आणि कोरडंठाक.

"जिंकलात आई!" सून टाळ्या वाजवत म्हणाली. "आता कोण हलवतंय तुम्हाला इथून!"

"शब्द म्हणजे शब्द," मुलगा म्हणाला. "आता मी विषयसुद्धा काढणार नाही."

बाईंनी पिल्लू ओंजळीत घेतलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मुलाकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं. तो घड्याळ बघत होता.

"आनंद मावेनासा झालाय," शिंपी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला.

मुख्याध्यापिकेखाली ठेवण्याआधी बाईंनी अकराच्या अकरा अंडी वीस मिनिटं उकळून घेतली होती.