पलंगाला मुशीचं तेल

बायको, दमयंती, गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि आता तिचा पलंगही हातचा जाणार, हे धर्मराजला त्या सकाळी केर काढताना कळलं. पलंगाखाली पिवळसर भुसा पडला होता. चिमटीत घेतला तर मैद्यासारखा मऊ. पायाला बारीक भोकं होती. कीड लागली होती.

ती नेमकी त्याच आठवड्यात निघावी! येत्या रविवारी शैलेश टेंपो घेऊन येणार होता. बापाने पनवेलच्या कोळीवाड्यात एकट्याने किती दिवस काढायचे, म्हणून तो त्याला खारघरला, आपल्या फ्लॅटमध्ये नेणार होता. धर्मराजची अट एकच होती, पलंग सोबत येईल. सून प्राचीचीही एकच होती, घरात नवीन फर्निचर आहे, ढेकूण-किडे काही येता कामा नयेत.

पलंग पाइनचा होता आणि धर्मराजपेक्षा म्हातारा. उरणला कामाला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरच्या आजीचा. दमयंती त्याच्या घरी मासळी द्यायची. तो मायदेशी परत निघाला तेव्हा तिने पलंग, कपाट आणि आरशाचं टेबल असा सगळा संच घासाघीस करून विकत घेतला आणि पैशांच्या वर दोन पापलेटं दिली.

धर्मराजचा जन्म बंदरात माल उतरवण्यात गेला होता. पाइन म्हणजे त्याच्या लेखी खोक्याचं लाकूड.

"आख्खी दुपार खोकी फोडायची नि रातीला खोक्यावरच झोपायचं," तो म्हणायचा.

"खोक्याचा असूं दे," दमयंती म्हणायची. "त्याला मावऱ्याचा वास नाय."

तिला घरात मासळीचा वास नसलेली एक तरी खोली हवी होती. बाजारातून आली की ती लिंबाने हात चोळायची, साबणाने अंघोळ करायची आणि मगच त्या खोलीत पाऊल टाकायची. सुकटीचा डबा त्या दाराच्या अलीकडे थांबायचा. पलंगावर ऊन येऊ नये म्हणून पडदा लावलेला असे. ओलं फडकं तिला चालायचं नाही. कोरड्या मऊ कापडाने पुसून सणासुदीला मेणाचा हात द्यायची. लाकूड मधासारखं दिसायचं. धर्मराजला त्याला हात लावायची परवानगी नव्हती, आणि हौसही नव्हती.

आता मात्र सगळं त्याच्यावर आलं होतं. लाकडाची कीड म्हटल्यावर त्याला एकच औषध ठाऊक होतं. त्याचे वडील होडीला मुशीचं तेल लावायचे. मुशी म्हणजे लहान शार्क, तिच्या कलेजीचं तेल. पाण्यातला किडासुद्धा त्या होडीला तोंड लावत नसे.

तो करंजाला, आपल्या जुन्या गावी, लहानपणच्या सोबत्याकडे, गोरखकडे गेला. गोरखची अजून होडी होती.

"पलंगाला?" गोरख हसत सुटला. "धर्मा, पलंग पान्यात घालतंस काय?"

"तू डबा दे."

होडीचं लाकूड कठीण असतं, तेल वरच्यावर राहतं. पाइन मऊ. ते पीतच गेलं. धर्मराज लावत गेला, पलंग पीत गेला. भोकाभोकांत त्याने कापसाने तेल सोडलं. डबा रिकामा झाला तेव्हा त्याला बरं वाटलं. बायकोच्या वस्तूची आपणही काळजी घेऊ शकतो, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

संध्याकाळी खिडकीत मांजरं येऊन बसली. मग शेजारची वेणू वाटी घेऊन आली.

"धरमदादा, कंचा मावरा शिजवलास? वास पार नाक्यावर येतंय."

"पलंग हाय तो," धर्मराज म्हणाला.

वेणू वाटी घेऊन तशीच परत गेली.

रविवारी प्राचीने मोबाइलचा दिवा लावून पलंगाखाली पाहिलं. भुशाचा कण नव्हता. ती उठली ती नाकाला ओढणी लावूनच.

"बाबा, किडे मेले असतील. पण हा पलंग घरी आला तर त्यांच्या पाठोपाठ आम्ही."

शैलेश हसला नाही. "आईने ह्या खोलीत कधी सुकट येऊ दिली नाही. तुम्ही पलंगाचाच मासा केलात?"

धर्मराजने तेलाचा रिकामा डबा पायाने मागे सारला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचा ह्या खोलीचा एकच नियम होता.

"धुऊन काढू," प्राची म्हणाली.

"पान्याने फुगंल."

"मग उन्हात ठेवा."

"उन्हात चिरंल. ती ऊन लागू देत नव्हती."

शेवटी ठरलं, की आठवडाभर खिडक्या उघड्या ठेवून बघायचं. वास नाही गेला, तर पलंग भंगारात आणि बाबा खारघरला. टेंपो रिकामा गेला.

धर्मराज पलंगाच्या कडेवर बसला. त्याला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी जांभई आली. जरा पाठ टेकावी म्हणून तो आडवा झाला.

वर्षभर त्याला धड झोप नव्हती. त्या दुपारी तो असा झोपला, की शैलेशच्या फोननेच जागा झाला. बाहेर दिवे लागले होते. एक मांजर खिडकीतून आत येऊन पायाशी झोपलं होतं.

"बाबा, तुम्ही उगाच वाईट वाटून घेऊ नका. वास कमी झाला का?"

"नाय. आनि करायचापन नाय. खिडक्या बंद करतंय मी. पलंग हितंच ऱ्हाईल, नि मीपन."

"अहो, त्या वासात झोप तरी येईल का तुम्हाला?"

धर्मराजने फोन ठेवला आणि खिडकी ओढून घेतली. लग्नाआधी घरी बापाची होडी होती, मासळी खाऊन कंटाळा यायचा, तरी तो करंजाहून पनवेलच्या बाजारात मासळी घ्यायला यायचा आणि ह्याच वासासाठी दमयंतीच्या पाटीपुढे घुटमळायचा. ती जन्मभर लिंबाने हात चोळत राहिली. तिला हे सांगायचं राहून गेलं.