ताजा नमुना

पेटीतल्या एकाही खाचेत काच नव्हती. चिंतामणीने झाकण लावून पुन्हा उघडलं, जणू तेवढ्याने काचा परत येणार होत्या. बाहेरच्या खोलीत डॉक्टर गुप्ते शिरा खात बसले होते. सूक्ष्मदर्शकाखाली याच काचा दाखवायला त्याने त्यांना मुंबईहून बदलापूरपर्यंत आणलं होतं.

गुप्ते म्हणजे काही साधा पाहुणा नव्हे. त्यांनी मान डोलावली की चिंतामणीचा निबंध परदेशी जाणार. त्यांनी नाक मुरडलं, तर चिंतामणी जन्मभर कॉलेजातल्या पोरांकडून हाडांची नावं घोकून घेणार. मधलं काही नव्हतं.

मेंदूत मज्जापेशींच्या अधेमधे ग्लिया नावाच्या पेशी असतात. छप्पन सालच्या बहुतेक शहाण्यांच्या लेखी तो नुसता पेंढा होता, चिनी मातीची भांडी फुटू नयेत म्हणून खोक्यात भरतात तसला. चिंतामणीला ते पटत नव्हतं. वाढत्या मेंदूत ग्लियाचे लांब धागे त्याने पाहिले होते, आणि धाग्यांना बिलगून वर चढणाऱ्या कोवळ्या मज्जापेशीही. “एक हाक मारते, दुसरी ओ देते,” तो म्हणे. “ओ आली नाही, तर बिचारी वाटेतच मरते.” पेशींबद्दल बोलताना त्याचा गळा दाटून यायचा. माणसांबद्दल कधी दाटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

अडचण एकच. हॉस्पिटलातून मिळणारे मेंदू हाती येईपर्यंत नासायचे, धागे विरघळून जायचे. एकदाच त्याला हवा तसा मिळाला. दिवस भरण्याआधी जन्मलेलं मूल, आणि प्राण जाऊन अर्धा तासही झाला नव्हता. त्याचे पातळ काप चांदीच्या क्षारात रंगवून त्याने काचांवर बसवले. असा नमुना हिंदुस्थानात दुसऱ्या कोणाकडे नाही, हे तो रोज जेवताना सुहासिनीला ऐकवी. बायको वाढत राही. ऐकून घ्यायला घरात दुसरं होतं तरी कोण!

आजही शिऱ्याचा पहिला घास घेत गुप्त्यांनी विचारलं होतं, “इतका ताजा नमुना मिळवलात कुठून?”

“होते ओळखीचे,” चिंतामणी हसून म्हणाला होता. सुहासिनी तेव्हा त्यांच्या बशीत आणखी शिरा वाढत होती.

पेटीला हात लावणारं घरात कोण? भांडीवाली जनी? छे, ती त्या खोलीच्या उंबऱ्यालाही घाबरायची. राहिली सुहासिनी. आणि सुहासिनीचं अलीकडे काही खरं नव्हतं. एकुलतं एक मूल गेलं ते तिने मनाला लावून घेतलं होतं. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आई काही तिथवर जात नाही. चिंतामणीच एकटा गाठोडं घेऊन गेला होता. शिरगावच्या पुढे, नाल्याकाठच्या करंजाखाली, असं त्याने तिला परतल्यावर सांगितलं. तेव्हापासून दर अमावास्येला ती जनीला घेऊन जाई आणि त्या करंजाखाली वाटीभर दूध ओतून येई. खुळेपणा, पण तो अडवत नसे. दूध काही महाग नव्हतं.

मागच्या आठवड्यात मात्र दोघी कोपरापर्यंत मातीने माखून आल्या. शिरगावच्या पुढे कारखान्याचा पाया खणणार म्हणून गावात बोलवा होती, पण असल्या बातम्यांना चिंतामणीकडे वेळ कुठला! परसातून जनीचा आवाज त्याच्या कानावर आला. “सगला खनला, बाय. काय नाय गावला.” सुरण शोधत असतील, असं समजून त्याने वर्तमानपत्रात डोकं घातलं. हात धुऊन स्वयंपाकाला लाग, एवढं मात्र बजावलं.

“अगं, ऐकलंस का?” त्याने आता हाक मारली.

“ओ,” म्हणत ती लगेच दारात आली. तिच्यामागे हात पुसत गुप्तेही आले. “काय चिंतामणराव, दाखवताय ना?”

चिंतामणीने घाईने झाकण लावलं. “पेटीतल्या काचा कुठायत?” पाहुण्यादेखत आवाज चढू न देता त्याने विचारलं. “खरं सांग. माझा जन्म आहे त्यात.”

सुहासिनीने पदराला हात पुसले. नखांत अजून माती होती.

“करंजाखाली,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलं होतंत ना, तिथेच. आज सकाळी मी त्याला पुरून आले.”