मेहुण्यासाठी पथ्य

सुतार भोपळा चिरत होता आणि त्याची बायको शेगडीपाशी उभी राहून हसत होती.

"अहो, भोपळा आहे तो, फळी नाही. मोजमाप कसलं घेताय?"

"हाताला सवय आहे गं."

आत्ताआत्तापर्यंत हा गडी स्वयंपाकघरात फक्त जेवायला यायचा. आता कामावरून आला की हातपाय धुऊन मुकाट्याने सुरी घेऊन बसायचा. बायको मोबाईलवर बघून रोज नवं काहीतरी काढायची. किसलेल्या फ्लॉवरचा भात, मोड आलेली कडधान्यं भरून भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या, बीटाचे कटलेट. चिरणं-किसणं त्याचं, शिजवणं तिचं. भांडं शेगडीवर चढलं की ती त्याला बाहेर पिटाळायची.

"जा, फिरून या. माझ्या पायात घोटाळू नका."

ही काही हौस नव्हती. तिच्या धाकट्या भावाचं यकृत निकामी झालं होतं. घरात कुणाचंच जुळेना, सख्ख्या बहिणीचंही नाही. जुळलं ते नेमकं जावयाचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या यकृताचा तुकडा त्याला लावता येईल, पण तुमच्यात चरबी फार आहे. ती उतरली तरच. मांसाहार बंद, तेल-तूप बंद, घरचं साधं जेवण आणि रोज चालणं.

"आणि कापलेलं?" सुताराने विचारलं.

"पुन्हा वाढतं."

"आमचं लाकूड नाही वाढत," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. "धोका असतो का काही?"

"थोडा असतोच. नाही म्हणणार नाही मी."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती डॉक्टरीणबाईंकडे बघत होती.

"पथ्य काय ते नीट सांगा," ती म्हणाली. "एक कण इकडचा तिकडे होऊ देणार नाही."

आणि पथ्य सुरू झालं. मटणावर जीव टाकणारा माणूस, पण त्याने वासालासुद्धा थांबायचं नाही असं ठरवलं. घरी जे ताटात पडेल ते खायचं, बाहेर चहासुद्धा बिनसाखरेचा. कारखान्यातल्या पॉलिशवाल्याने एकदा त्याच्या डब्यातलं चाखून बघितलं.

"याला पथ्य म्हणतोस? असलं पथ्य मिळत असेल तर मी जन्मभर आजारी राहायला तयार आहे!"

"हाताला चव आहे तिच्या," सुतार म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोचं कौतुक त्याने असं चारचौघांत पहिल्यांदाच केलं.

मग दुसरी तपासणी झाली. चरबी उतरली नव्हतीच, उलट वाढली होती.

"घरी काय खाता?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. बायकोने धडाधड पदार्थ सांगितले. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली.

"आणि बाहेर?"

बायको नुसती मान खाली घालून बसली. डॉक्टरीणबाईंनी सुताराकडे पाहिलं, आणि त्या नजरेने तो कानापर्यंत लाल झाला.

"देवाशप्पथ, काही नाही खाल्लं हो."

"पुढच्या सोमवारी एकदा शेवटचं तपासून बघू. त्यानंतर तुमच्या मेहुण्याला वेळ नाही."

घरी पोचेपर्यंत सासूबाईंचा फोन आला.

"जावईबापू, माझ्या पोराचा जीव तुमच्या जिभेवर टांगलाय. तेवढं तरी ध्यानात ठेवा."

मेहुण्याची बायको तर बोलायचीच बंद झाली. फक्त मेहुणा हसला. अंगाचं नुसतं चिपाड झालेलं, डोळे पिवळेजर्द, तरी हसला.

"भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. जमेल तेवढं करा."

हे ऐकून सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारखान्यात कुणाच्या तरी वाढदिवसाला त्याने केकचा एक तुकडा खाल्ला होता. त्या संध्याकाळी त्याने ते बायकोपाशी कबूल केलं.

"माझंच चुकलं गं. तुझ्या मेहनतीवर पाणी ओतलं मी."

"जाऊ दे," ती म्हणाली. "एका तुकड्याने काय होतंय."

तिच्या या समजूतदारपणाने त्याला आणखीच लाज वाटली. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोला. पोट फाडून घ्यायचं म्हणजे काय, या विचाराने कामावर त्याचं माप चुकायचं. पण मेहुण्याचे डोळे आठवले की तो भीती गिळून टाकायचा. आता जास्त चालायचं, त्याने ठरवलं.

म्हणून आज भोपळा चिरून होताच तिने पिटाळायच्या आधीच तो उठला.

"सूप आहे आज," बायको म्हणाली. "चांगली मोठी फेरी मारून या. घाई नाही."

कोपऱ्यापर्यंत गेला आणि बुटाचा तळच सुटून आला. शिव्या घालत, पाय ओढत तो परत फिरला. मागच्या दाराने आत शिरावं म्हणून तो गल्लीतून आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी थबकला.

बायकोच्या हातात क्रीमचं मोठं पाकीट होतं. तिने ते सगळं सुपात ओतलं. मग लोण्याचा एक गोळा टाकला, आणखी एक टाकला आणि भराभर ढवळायला लागली. ती रडत होती. "माफ कर रे बाबा," ती पातेल्याकडे बघून भावाचं नाव घेत पुटपुटली. "यांना नाही देणार मी. नाही देणार."

सुतार तसाच मागे सरला. गल्लीच्या टोकाला तो नेहमीची फेरी संपायच्या वेळेपर्यंत उभा राहिला. मग पुढच्या दाराने मोठ्याने खाकरत आत आला, हात धुतले आणि ताटावर बसला.

तिने वाटी पुढे ठेवली. डोळे पुसलेले होते.

"कसं झालंय?"

त्याने वाटी तोंडाला लावली आणि तळापर्यंत रिकामी केली. मग बोटाने कडा पुसून बोट चाटलं आणि वाटी तिच्यापुढे धरली.

"अजून वाढ," तो म्हणाला, "आणि सोमवारपर्यंत रोज हेच कर."