घरामागे लागलेला रस्ता

तिसऱ्यांदा लोलो देलफिनचं घर उचलताना शेजारच्या इसागानीचं डोकं सणकलं होतं. घर बांबूचं, छप्पर झावळ्यांचं. शेजारी जमले की खालून बांबू घालून अख्खं खांद्यावर घेता येतं. लोलो म्हणजे अख्ख्या गावाचा आजोबा; त्याने हाक मारायची, गावाने घर हलवायचं आणि त्याच्याकडच्या शेवयांवर ताव मारून परतायचं, अशीच रीत. पण किती वेळा?

दोष रस्त्याचा होता. केसोनपासून बिकोलपर्यंतची गावं जोडणारा टोलचा रस्ता अजून कागदावरच होता आणि तिथेही एका जागी टिकत नव्हता. आधी मोजणीच्या खुंट्या लोलोच्या अंगणात आल्या. त्याने घर विहिरीपलीकडे नेलं. महिन्याभरात नकाशावरची रेघ बदलली, खुंट्या विहिरीपलीकडे. मग त्याने चर्चमागची जागा निवडली. तिथेही त्या हजर.

खरं तर मोजणीच्या पोरांशी लोलोइतकी दोस्ती कुणाचीच नव्हती. नारळाची दारू पाजून रस्ता कुठून जाणार ते तो काढून घ्यायचा. तरी हे नशीब.

खुंट्यांमागोमाग यायची इंजिनिअर रोवेना. लोलोचीच मुलगी. आईच्या मयतीत बापाशी भांडून लुसेनाला गेली, ती अनेक वर्षं फिरकली नव्हती. आता नियमच होता: ज्याच्या घरावरून रेघ जाईल, त्याच्याकडे इंजिनिअरने जातीने जाऊन समजावून सांगायचं. पहिल्यांदा आली तेव्हा तिने, थोरांना मान देताना लावतात तसा, बापाचा हात कपाळाला लावला नाही. परक्यासारखी बसली, नकाशा दाखवला आणि गेली. दुसऱ्या खेपेला आल्याचा काढा प्यायली. तिसऱ्यांदा जेवून, निघताना हात कपाळाला लावून गेली. बायका म्हणाल्या, घरावर रस्ता घालायचा आणि वर हे ढोंग.

पोटची पोर बापाच्या हात धुऊन मागे लागली, यावर गावाचं एकमत होतं.

म्हणून या वेळी इसागानीने लोलोला बोलूच दिलं नाही.

"जागा मी ठरवणार. वर टेकडीवर, माझ्या खडकाळ रानात. तिथे रस्ता काय, शेळीसुद्धा धड चालत नाही."

म्हातारा कुरकुरला. पाणी लांब पडेल, वारा फार, त्यापेक्षा नाल्याकाठची जागा बरी. इसागानी म्हणाला, तुमच्या निवडीपायी आमच्या पाठी मोडल्या, आता गप्प बसा. घर टेकडीवर गेलं.

त्याचा अंदाज बरोबर निघाला. पावसाळा सरला तरी टेकडीवर एक खुंटी आली नाही. सगळ्या नाल्याकाठी रोवल्या गेल्या आणि या वेळी रेघ पक्की झाली. इसागानी चारचौघांत मिशीवर ताव देत फिरला.

रविवारी चर्चमधून परतला तर लोलो दारात उभा. दाढी वाढलेली, चेहरा उतरलेला.

"उद्या माणसं जमव. घर नाल्याकाठी न्यायचंय."

इसागानीने कपाळावर हात मारून घेतला. "लोलो, डोकं ठिकाणावर आहे ना? रस्ता तिथूनच जाणार आहे."

"माहीत आहे."

"मग सुखासुखी रस्त्यात कशाला जाता?"

म्हाताऱ्याने टेकडीकडे पाहिलं.

"तिथे रस्ता येणार नाही," तो म्हणाला, "मग रोवेना कशाला येईल?"